गादीखालची बैठक आणि कागदावरचा हक्क

गादी हा आपल्या समाजाला परका धंदा नाही. पिंजारी, नदाफ, मन्सुरी या नावांनी ओळखली जाणारी आपली मंडळी कित्येक पिढ्या पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव फिरत आली. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, सुईदोऱ्याने टाके घालून गादी बांधायची, हे काम महाराष्ट्रात प्रामुख्याने याच हातांनी केले. आम्ही स्वतः कापूस पिंजला नाही. आम्ही गादीपाट विकतो. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ते जाड कापड तीस वर्षांहून अधिक काळ आमच्या दुकानातून या कारागिरांच्या घरी जात आहे. त्यामुळे त्यांचे सुखदुःख आम्हाला ठाऊक आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका नदाफ गिऱ्हाइकाने एक नवी गादी बनविली. मध्ये काथ्याचा पातळ थर आणि वर कापसाच्या लांबट, सुट्या खोळी. एखादी खोळ बसली की तेवढीच काढायची, तिच्यातला कापूस पिंजायचा आणि परत घालायची. सगळी गादी उसवायची गरज नाही. कल्पना सोपी होती, पण ती दुसऱ्या कोणाला सुचली नव्हती. त्याने दोन वर्षे त्या गाद्या आसपासच्या गावांत विकल्या. मग एका मोठ्या शहरातल्या फर्निचरच्या दुकानाला नमुना दाखविला. दुकानदाराने चहा पाजला आणि नमुना ठेवून घेतला. काही महिन्यांनी तीच गादी त्या दुकानात दुसऱ्याच कारखान्यातून तयार होऊन आली. आमचा मित्र आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सेठ, यावर काही इलाज आहे का?" आम्ही त्याला एका वकिलाकडे नेले. वकिलाने एकच प्रश्न विचारला, "कागद काय आहे?" कागद काहीच नव्हता. वकील म्हणाला, "दोन वर्षे उघड्या बाजारात विकलेली वस्तू आता नवी कशी म्हणायची?"

त्या दिवसापासून गादी आणि पेटंट या विषयावर जे मिळेल ते आम्ही वाचत आलो. अमेरिका आणि कॅनडातल्या ज्या माणसांनी गादीची आणि तिच्याखालच्या बैठकीची पेटंटे घेतली, त्यांच्या हकिगतींतून आपल्या कारागिरांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कोणी कमावले, कोणी गमावले आणि का, हे आज पाहू.

पेटंट म्हणजे काय?

आधी एका शब्दाचा घोळ दूर करू. मराठीत 'शोध' हा शब्द दोन्हीकडे चालतो. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला आणि एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला, असे आपण एकाच शब्दाने म्हणतो. उर्दूत हे दोन वेगळे शब्द आहेत. जे आधीपासून होते ते सापडले तर ती 'दरियाफ्त', आणि जे नव्हते ते बनविले तर ती 'ईजाद'. पेटंट मिळते ते ईजादीला. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात.

पेटंट हा एक सौदा आहे. ईजाद करणारा सरकारला सांगतो, 'माझी युक्ती मी उघड करून लिहून देतो.' सरकार म्हणते, 'ठीक आहे, ठराविक वर्षे तुझ्या परवानगीवाचून ती कोणी वापरणार नाही. मुदत संपली की ती सगळ्यांची.' या सौद्याचे दोन्ही भाग लक्षात ठेवले पाहिजेत. पहिल्या भागामुळे कारागिराला संरक्षण मिळते. दुसऱ्या भागामुळे जुनी पेटंटे ही सर्वांसाठी फुकटची शाळा होते.

बैठकीचा प्रश्न

आपल्याकडे गादी जमिनीवर, बाजेवर किंवा फळीच्या पलंगावर घालतात. युरोप-अमेरिकेत उंच पलंगाची रीत. पलंगाच्या चौकटीवर आडव्या लाकडी पट्ट्या किंवा ताणलेल्या दोऱ्या, आणि त्यावर कापूस, पिसे, गवत किंवा घोड्याचे केस भरलेली गादी. दोरी सैल पडली की मधोमध खड्डा होई. पट्टी असली की ती अंगाला रुते. म्हणजे दोष गादीत जितका होता तितकाच तिच्याखालच्या बैठकीत होता. ज्यांनी हे ओळखले त्यांनी पेटंटे घेतली.

पहिला उपाय तारेच्या विणलेल्या जाळीचा. लोखंडी पलंगाची जी जाळी आपण जुन्या दवाखान्यांत आणि वसतिगृहांत पाहिली, तीच ती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा गावी झाल्मन सिमन्स नावाचे कारखानदार होते. उधारीच्या वसुलीत त्यांच्या हाती अशा जाळीच्या पेटंटाचा हक्क आला, असे सांगतात. ज्याने जाळी शोधली त्याला तिची किंमत कळली नाही आणि ज्याने उधारीत ती घेतली त्याला कळली. १८७० च्या दशकात सिमन्स यांनी ती यंत्रावर विणायला सुरुवात केली. कंपनीच्या इतिहासात असे आकडे दिलेले आहेत की हाताने विणलेल्या जाळीला १२ डॉलर पडत, ते १८८९ पर्यंत ९५ सेंटवर आले. म्हणजे किंमत बाराव्या हिश्श्याच्याही खाली गेली. हे यंत्राने केले.

लेगेट आणि प्लॅट: मेहुण्यांची भागीदारी

दुसरी हकिगत आम्हाला अधिक आवडते, कारण ती आपल्या मोहल्ल्यातली वाटते. मिसुरी राज्यातल्या कार्थेज गावी जे. पी. लेगेट नावाचे गृहस्थ होते. नवनव्या युक्त्या काढण्याचा त्यांना नाद. त्यांनी तारेच्या गुंडाळ्या, म्हणजे स्प्रिंगा, एकमेकींत गुंतवून लाकडी पट्ट्यांच्या तळावर बसविल्या. ही गादी नव्हे. ही गादीखालची बैठक. तिच्यावर आपली नेहमीची कापसाची किंवा पिसांची गादी घालायची.

कल्पना लेगेट यांची, पण तार वाकवायची, तापवायची, एकसारख्या गुंडाळ्या करायच्या, हे काम लोहाराचे. त्यांचे मेहुणे सी. बी. प्लॅट यांच्या घरी नांगर बनविण्याचा कारखाना होता. १८८३ साली दोघांची भागीदारी झाली आणि १८८५ साली लेगेट यांना पेटंट मिळाले. १९०१ साली भागीदारीची रीतसर कंपनी झाली. लेगेट तिचे पहिले अध्यक्ष, आणि पुढे ती जागा प्लॅट यांच्याकडे आली.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, ज्याला सुचते त्याला करता येतेच असे नाही, आणि ज्याला करता येते त्याला सुचतेच असे नाही. आपल्याकडे सुचणारा नदाफ आणि घडविणारा वेल्डर शेजारी राहतात, पण भागीदारी करीत नाहीत. केली तरी तोंडी करतात. दोन, लेगेट आणि प्लॅट यांच्या कंपनीने पुढे वेगळी वाट धरली. स्वतःच गादी विकत बसण्यापेक्षा दुसऱ्या गादीवाल्यांना स्प्रिंगा पुरवायला सुरुवात केली. १९३३ पासून गादीच्या आत घालायच्या स्प्रिंगा त्यांनी इतर कारखान्यांना दिल्या. जे प्रतिस्पर्धी ठरले असते तेच गिऱ्हाईक झाले. पेटंटाची मुदत केव्हाच संपली, पण कंपनी आजही कार्थेजमध्येच आहे.

मार्शल यांचे खिसे

आता या लेखातल्या मुख्य माणसाकडे येऊ. जेम्स मार्शल हे कॅनडातल्या टोरंटो शहरचे यांत्रिक कामाचे जाणकार. २२ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांना गादीसाठी अमेरिकन पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ६,८५,१६०.

मार्शल यांनी काय केले ते समजण्यासाठी आधीची अडचण पाहा. स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधल्या की त्या जाळ्यासारख्या हलतात. एका ठिकाणी वजन पडले की शेजारच्याही दबतात. एका कुशीवरचा माणूस वळला की दुसऱ्या कुशीवरचा जागा होतो. शिवाय तारेवर तार घासून कुरकुर होते. स्प्रिंगा सुट्या ठेवाव्यात तर त्या आडव्या पडतात, एकमेकींत अडकतात.

मार्शल यांचा उपाय कापडाचा होता. प्रत्येक स्प्रिंग दाबून कापडाच्या वेगळ्या खिशात बंद करायची आणि असे खिसे एकमेकांना लागून ओळीने बसवायचे. आता प्रत्येक स्प्रिंग आपल्या जागी उभी राहते, पण दबते एकटीच. जड भागाखालची जास्त दबते, हलक्या भागाखालची कमी. कंबर जितकी जड तितकीच खाली जाते आणि खांदा तेवढा बुडत नाही. तारेवर तार घासत नाही, म्हणून आवाज नाही.

आमच्यासारख्या कापडवाल्याने येथे थोडे थांबावे. या ईजादीत तार जुनी, स्प्रिंग जुनी, कापडही जुनेच. नवे होते ते कापडाला दिलेले काम. कापड हे नुसते आवरण न राहता यंत्राचा एक भाग झाले. खिशाचे कापड विरविरीत असेल तर स्प्रिंग ते फाडून बाहेर येईल. फार ताठ असेल तर स्प्रिंग मोकळी दबणार नाही. शिवण उसवली तर सगळे फुकट. म्हणजे त्या गादीचे आयुष्य तारेइतकेच कापडाच्या विणीवर आणि शिवणीवर अवलंबून होते. पुढच्या काळात सुती खिशांच्या जागी न विणलेले कृत्रिम कापड आले आणि शिवणीच्या जागी ध्वनिलहरींनी जोड देण्याची पद्धत आली. मूळ युक्ती मात्र तीच राहिली. आज शोरूममध्ये 'पॉकेट स्प्रिंग' म्हणून जी महाग गादी विकली जाते, ती मार्शल यांच्याच खिशांची.

मग मार्शल यांना काय मिळाले? टोरंटोत त्यांच्या नावाने गादीचा व्यवसाय उभा राहिला. लंडनमध्येही १९०१ सालीच मार्शल यांच्या नावाची गादी कंपनी निघाली, जी आज व्हिस्प्रिंग या नावाने ओळखली जाते. गादी मोठमोठ्या लोकांच्या पसंतीस उतरली. पण सामान्य घरात ती गेली नाही, कारण किंमत. काम हाताचे होते. हिशेब करून पाहा. एका गादीत ८०० स्प्रिंगा धरल्या आणि एक स्प्रिंग दाबून खिशात घालून तोंड शिवायला एक मिनिट धरले, तरी नुसत्या खिशांना १३ तासांहून अधिक वेळ लागतो. मग ओळी जोडणे, थर घालणे, वरची खोळ शिवणे वेगळेच.

त्या काळी अमेरिकेत पेटंटाची मुदत मिळाल्यापासून १७ वर्षे होती. म्हणजे मार्शल यांचा अमेरिकेतला हक्क १९१८ साली संपला. १७ वर्षांत युक्ती सुरक्षित राहिली, पण स्वस्त झाली नाही.

यंत्र आले आणि बाजार फिरला

जाळीवाल्या सिमन्स यांच्या मुलाच्या हाती पुढे कंपनी आली. त्यांच्याकडे जॉन फ्रँकलिन गेल नावाचे यंत्रज्ञ होते. स्प्रिंग आपोआप दाबून कापडाच्या खिशात भरील असे यंत्र गेल यांनी बनविले. १९२५ साली त्या यंत्राच्या जोरावर कंपनीने 'ब्युटीरेस्ट' ही गादी ३९ डॉलर ५० सेंटला बाजारात आणली. त्या काळी ही किंमतही साध्या गादीपेक्षा पुष्कळ होती, पण नोकरदार कुटुंबाच्या आवाक्यात आली. हेन्री फोर्ड, एडिसन यांच्यासारख्या बड्या नावांचा जाहिरातीत उपयोग करून कंपनीने ती घराघरांत नेली.

१९१८ आणि १९२५ ही दोन साले शेजारी ठेवा. यंत्रावरची गादी बाजारात आली तेव्हा मूळ पेटंटाची मुदत संपून सात वर्षे झाली होती. खिशाच्या कल्पनेबद्दल कोणालाही पैसे द्यायची गरज उरली नव्हती. हा अन्याय नव्हे. सौद्याचा दुसरा भाग तसाच होता. पण धडा स्पष्ट आहे. वस्तूची युक्ती एकाची आणि ती स्वस्तात बनविण्याची युक्ती दुसऱ्याची असेल, तर बाजार दुसऱ्याच्या मागे जातो. मार्शल यांनी 'काय' शोधले, गेल यांनी 'कसे' शोधले.

कापसाची बाजू: सीली गाव

स्प्रिंगेच्या हकिगती ऐकून आपले पिंजारी बांधव म्हणतील, आमच्या कापसाचे काय? तर कापसाचीही एक हकिगत आहे. टेक्सास राज्यात सीली नावाचे छोटे गाव. तेथे डॅनियल हेन्स हे सरकी काढण्याची यंत्रे, म्हणजे जिन, बांधीत. १८८१ साली त्यांनी कापसाची गादी बनविली. कापूस नीट दाबून भरला की गुठळ्या कमी होतात आणि टाक्यांची गरज राहत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १८८९ साली त्यांनी कापूस दाबण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले.

हेन्स यांनी शहाणपणाची गोष्ट केली. दुसऱ्या गावच्या गादीवाल्यांना त्यांनी आपल्या पेटंटाचे हक्क विकले. पुढे १९०६ च्या सुमारास मूळ पेटंटेही विकली. गादीला मात्र नाव पडले ते गावाचे. लोक 'सीलीची गादी' म्हणू लागले आणि 'सीली' हीच जगभरची छाप झाली. पेटंट मुदतीने संपते, नाव संपत नाही. आपल्याकडे मालेगावची साडी आणि सोलापूरची चादर म्हटले की गिऱ्हाइकाला जे कळते, तेच हे.

नाव परवान्यावर देण्याचा धंदाही जपून करावा लागतो. सीली कंपनीत परवानेदार कारखाने हेच मालक होते आणि त्यांनी आपापसांत विक्रीचे मुलूख वाटून घेतले होते. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी बेकायदा ठरविली. एकजूट चांगली, पण गिऱ्हाइकाला पर्याय उरू नये म्हणून केलेली एकजूट कायद्याला मान्य नाही.

पाण्याची गादी आणि उशिराचा निकाल

शेवटची हकिगत कॅलिफोर्नियाची. १९६८ च्या सुमारास चार्ल्स हॉल हे सॅन फ्रान्सिस्कोत शिकत होते. अभ्यासाचा भाग म्हणून आरामदायी आसन बनवायचे होते. त्यांनी आधी मक्याच्या पिठाची खळ भरलेली खुर्ची करून पाहिली, मग जेली भरून पाहिली. दोन्ही बिघडले. शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून पलंग केला. १५ जून १९७१ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

वस्तू इतकी चालली की १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या गादीच्या धंद्यात पाण्याच्या गादीचा मोठा हिस्सा झाला. पण तितक्याच वेगाने नकला झाल्या. स्वस्त पिशव्या बनवून कोणीही विकू लागला. हॉल यांच्याकडे कागद होता, पण सगळ्यांशी भांडायला पैसा आणि वेळ नव्हता. त्यांची मुदत १९८८ साली संपली. एका नक्कलकाराविरुद्ध जूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९९१ साली. न्याय मिळाला, पण बाजार उठून गेल्यावर. कागद म्हणजे कुलूप, आणि राखणदार आपला आपणच ठेवावा लागतो.

आपल्या देशात काय करावे?

आता आपल्याकडचा कायदा थोडक्यात पाहू. भारतात १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. पूर्वी साधारण वस्तूला १४ वर्षांची मुदत होती. २००२ च्या दुरुस्तीनंतर ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे झाली. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो, आणि एकट्या कारागिरासाठी सरकारी फी कंपनीपेक्षा बरीच कमी आहे. वकिलाचा खर्च त्याहून जास्त येतो, म्हणून आधी विचार करावा.

पेटंटासाठी तीन कसोट्या आहेत. वस्तू नवी हवी. त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नसावी. आणि ती बनविता व वापरता यायला हवी. माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या आणि त्या आपापले जुनेच काम करीत राहिल्या, तर कायद्याने त्याला पेटंट मिळत नाही. गादीला उशी शिवून जोडली, एवढ्याने ईजाद होत नाही. परंपरेने चालत आलेल्या हुनरालाही पेटंट नाही, कारण तो सगळ्या बिरादरीचा आहे.

आमच्या मित्राची सुट्या खोळींची गादी या कसोट्यांवर उतरली असती का? कदाचित उतरली असती. पण पहिल्याच पायरीवर तो अडखळला. अर्जापूर्वी उघड विक्री झाली की वस्तूचे नवेपण गेले. कायद्याचा हा एक मुद्दा त्याला वेळेवर कोणी सांगितला असता, तर त्याची हकिगत वेगळी झाली असती. आम्हीच त्याला कापड मोजून देत होतो आणि गादी पाहून शाबासकी देत होतो. आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख लिहीत आहोत.

कारागीर आणि छोट्या व्यापारी बांधवांनी पुढील गोष्टी वहीत उतरवून ठेवाव्यात.

१) नवी युक्ती सुचली की ती तारीख घालून वहीत लिहावी, चित्र काढावे. या वहीने पेटंट मिळत नाही, पण युक्ती कोणाची असा वाद उठला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

२) आधी अर्ज, मग विक्री. पूर्ण तपशील तयार नसेल तर कच्चा अर्ज करता येतो. त्याला तात्पुरते विवरण म्हणतात. तो केल्यावर १२ महिन्यांत पूर्ण विवरण द्यावे लागते. तारीख मात्र पहिल्या अर्जाची धरली जाते. तपासणीसाठी वेगळी मागणी करावी लागते. ती केली नाही तर अर्ज पडून राहतो आणि शेवटी रद्द होतो.

३) नमुना दाखवायचाच असेल तर आधी लेखी करार करावा की ही माहिती गुप्त ठेवली जाईल. जो व्यापारी अशा कागदावर सही करायला नाही म्हणतो, त्याला नमुनाही नाही म्हणावे. चहा मात्र प्यावा.

४) युक्ती नसून नुसता आकार, नक्षी किंवा रूप नवे असेल, तर पेटंटाच्या मागे लागू नये. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंद करावी. ती १० वर्षे आणि पुढे आणखी ५ वर्षे चालते. तिलाही नवेपणाची अट आहे, म्हणून नोंद विक्रीपूर्वीच करावी.

५) नाव आणि छाप यांची ट्रेडमार्क नोंद करावी. ती १० वर्षांची असते आणि दर खेपेला वाढविता येते. सीली गावाची गोष्ट आठवावी.

६) पेटंट एका देशापुरते असते. मार्शल यांच्या अमेरिकन पेटंटाचा मुंबईत काही अंमल नव्हता. तसेच भारतात घेतलेल्या पेटंटाने दुबईत संरक्षण मिळत नाही. माल बाहेर पाठविणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

७) पेटंट मिळाल्यावर दर वर्षीची फी भरावी लागते. ती तिसऱ्या वर्षापासून लागू होते. वस्तू चालत नसेल तर फी भरत बसू नये. प्रत्येक पेटंट पैसा देतेच असे नाही. बहुतेक देत नाहीत.

८) मुदत संपलेली जुनी पेटंटे वाचावीत. पेटंट कार्यालयांच्या संकेतस्थळांवर ती फुकट पाहायला मिळतात. चित्रे असतात, मापे असतात, बनविण्याची रीत असते. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्यावे. मार्शल यांचे खिसे आज कोणीही शिवू शकतो. त्यात चोरी नाही, उलट सौदाच तसा आहे. मात्र अलीकडची वस्तू असेल तर तिचे पेटंट जिवंत आहे का, हे आधी तपासावे. दुसऱ्याचा जिवंत हक्क मारणे हे आपला हक्क मारला जाण्याइतकेच वाईट.

९) वस्तूबरोबर ती बनविण्याच्या रीतीकडेही लक्ष द्यावे. एखादी ठोकळी, साचा किंवा पायाने चालणारे छोटे यंत्र केले आणि तासाचे काम वीस मिनिटांवर आणले, तर तीही ईजाद आहे. कदाचित तीच मोठी ईजाद असेल.

शेवटी

फोमच्या आणि स्प्रिंगेच्या गाद्या आल्या तेव्हा पुष्कळांनी म्हटले की पिंजाऱ्याचा धंदा संपला. धंदा घटला, हे आम्ही आमच्या गादीपाटाच्या विक्रीवरून सांगू शकतो. पण कापसाची गादी मागणारे गिऱ्हाईक अजून आहे आणि त्याला तीच जुनी गादी थोडी सुधारून हवी आहे. ती सुधारणा कोण करणार? ज्याच्या बोटांना कापूस कळतो तोच करील. लेगेट यांच्यापाशी लोहार मेहुणा होता आणि हेन्स यांच्यापाशी जिन. आपल्या कारागिरांपाशी पिढ्यांचा हात आहे. त्या हाताला कागदाची सवय लागली पाहिजे.

आमचा तो नदाफ मित्र आजही गाद्या बनवितो. मागच्या वर्षी त्याने उशीची एक नवी युक्ती काढली. कापड घ्यायला दुकानी आला तेव्हा आम्ही विचारले, "दाखवता का?" तो हसला आणि म्हणाला, "सेठ, आधी अर्जाची पावती येऊ द्या."

आम्ही कापड मोजून दिले आणि उशीबद्दल पुढे काही विचारले नाही.